चार टेबलं आणि गड्ड्यातला भोंगा

सोलापुरात भाषेचा कार्यक्रम करायचा ठरला की आधी टेबलं मागवतात. चार. एकावर मराठी, एकावर कन्नड, एकावर तेलुगू, एकावर उर्दू. प्रत्येक टेबलावर त्या त्या लिपीतली पाटी, थोडी पुस्तकं, एक फुलदाणी आणि मागे खुर्चीत त्या भाषेचे एक निवृत्त गुरुजी. पाहुणे आले की ओळीनं चारही टेबलांशी फोटो. अलीकडे यात एलईडी भिंतीची भर पडलीय. त्या भिंतीवर चारही लिप्यांतली अक्षरं पावसासारखी पडत राहतात, समोर पोरं हात पसरून ती झेलायला बघतात, आणि आयोजक माईकवरून सांगतात की ही आधुनिक माध्यमकला आहे.

मी साउंडवाला. वडिलांचा मंडपाला भोंगे लावायचा धंदा होता, मी त्यात रेकॉर्डिंगचं काम वाढवलं. अशा कार्यक्रमांत माझी जागा सगळ्यात मागे, मिक्सरपाशी असते. स्टेजवर काय चाललंय ते तिथून धड दिसत नाही, पण हॉलमधली कुजबुज सगळी कानावर येते. अशाच एका संध्याकाळी चहावाला किटली घेऊन मागच्या दारानं आला. मला म्हणाला, "काय करलालाव बे, चहा घ्या की." एलईडीच्या पोराला म्हणाला, "कायकू सो रहा रे, पी ले." रांगोळी संपवून बसलेल्या दोन बायकांना त्यानं कन्नडमध्ये काहीतरी विचारलं, त्या हसल्या. आणि कप कमी पडले म्हणून हाताखालच्या पोराला तेलुगूत झापलं. हे सगळं मिनिटभरात, किटली खाली न ठेवता. स्टेजवर तेव्हा कुणीतरी भाषाभगिनींच्या ऐक्याबद्दल बोलत होतं. आता या चहावाल्याला कुठल्या टेबलामागे बसवायचं?

सोलापूरची भाषा टेबलांच्या मधल्या जागेत बोलली जाते, आणि आपण नेमकी तीच जागा पाहुण्यांना चालण्यासाठी मोकळी सोडतो. माझी तक्रार एवढीच आहे. महापालिकेच्या, सरकारच्या किंवा देणगीच्या पैशातून इथल्या भाषांचं काही दाखवायचं असेल तर तो पैसा आधी ऐकण्यावर खर्च व्हावा. भिंती नंतर उजळल्या तरी चालतील.

एक शब्द घेऊ. माग. कापड विणायचा. कन्नडमध्ये मग्ग, तेलुगूत मग्गम. १८७७ मध्ये इथं पहिली कापड गिरणी उभी राहिली, तिलाच आम्ही जुनी मिल म्हणतो. तेलंगणातून आलेले पद्मशाली विणकर, अक्कलकोट-विजापूर बाजूचे कन्नड बोलणारे, मराठवाड्याच्या आणि माणदेशाच्या दुष्काळातून आलेले मराठी, शहरातले दखनी, म्हणजे इकडची उर्दू, बोलणारे मुसलमान, सगळे एकाच खात्यात शेजारशेजारच्या मागांवर उभे राहिले. माग म्हणा, मग्ग म्हणा, मग्गम म्हणा, शेजाऱ्याला कळायला दुभाषी लागला नाही. शिवाय खडखडाट इतका की शब्द निम्मेच ऐकू यायचे. उरलेलं हातवाऱ्यांनी आणि ओठ वाचून. आमच्या गल्लीत गिरणीतून निवृत्त झालेले एक आजोबा होते. घरात टीव्ही लहान आवाजात असला तरी ते खाणाखुणांनीच बोलायचे आणि आजी त्यांना म्हणायची, "मिल बंद पडून वीस वर्षं झाली हो, आता तोंड उघडा." ही हातांची भाषा कुठल्या टेबलावर ठेवणार? ती नोंदवून ठेवायला आता माणसंही थोडीच उरलीत.

जनगणनेचा फॉर्म भरताना मातृभाषा विचारतात आणि त्यापुढे येत असलेल्या आणखी भाषा. जागा दोनच. म्हणजे एकूण तीन. आमचा चहावाला तिथंच फॉर्मच्या बाहेर सांडतो. २०११ च्या जनगणनेत दहा हजारांवर बोलणारे असलेल्या भाषा १२१ निघाल्या; भाषाअभ्यासक गणेश देवींच्या पुढाकारानं झालेल्या भाषांच्या लोकसर्वेक्षणानं तेवढ्याच सुमाराला ७८० भाषा मोजल्या. चाळणीची भोकं किती मोठी ठेवलीत त्यावर आकडा ठरतो. पण दोन्हींत माणूस भाषेच्या एका खान्यात पडतो. एका वाक्यात तीन भाषा फिरवणारा माणूस कुठल्याच मोजणीत दिसत नाही. जनगणनेला दोष देण्यात अर्थ नाही, तिला खाने लागतातच. उत्सवाला काय अडचण आहे?

आणि गंमत म्हणजे आपला सगळ्यात मोठा उत्सव खाने मानतच नाही. सिद्धेश्वराची यात्रा, म्हणजे आमचा गड्डा. संक्रांतीच्या सुमाराला सात नंदीध्वज, म्हणजे उंच सजवलेल्या काठ्या, निघतात, बाराबंदी घातलेले मानकरी ते कमरेच्या पट्ट्यात तोलून शहरभर अडुसष्ट लिंगांची फेरी करतात. ज्यांच्या नावानं ही यात्रा, ते सिद्धरामेश्वर बाराव्या शतकातले कन्नड वचनकार. त्यांच्या वचनांच्या शेवटी 'कपिलसिद्धमल्लिकार्जुन' ही मुद्रा येते. यात्रेत पहिला मान हिरेहब्बू घराण्याचा. अक्षता पडतात त्या सम्मती कट्ट्यावर. कुंभारकन्येचं लग्न लागतं ते सिद्धरामांच्या योगदंडाशी. शेवटच्या दिवशी नंदीध्वजांची वस्त्रं उतरवतात, त्या विधीचं नाव कप्पडकळी. आणि या सगळ्यात जयजयकार ऐकू येतो तो "एकदा भक्तलिंग हर्र बोला हर्र!" असा. हे वाक्य कुठल्या भाषेतलं आहे ते मला आजवर कुणी सांगू शकलेलं नाही. माझ्या वडिलांना विचारलं तर म्हणाले, "गड्ड्याचं."

आश्विनात सोलापूरच्या पूर्व भागात, विणकरांच्या वस्तीत, फेरफटका मारा. एका अंगणात पाटावर हत्ती काढून मराठी मुलींचा हादगा चाललेला असतो, पुढच्या गल्लीत तेलुगू बायका फुलांची उतरंड मधे ठेवून बतुकम्मा खेळतात आणि प्रत्येक ओळीला 'उय्यालो' म्हणत टाळी देतात. दोन्हीकडे फेर, मधे काहीतरी ठेवलेलं, आणि शेवटी खिरापतीसाठी झुंबड. आमच्या शेजारची पोरगी संध्याकाळी दोन्हीकडे हजेरी लावायची, खिरापत दोन्हीकडची खायची, आणि गाणी तिच्या डोक्यात अशी कालवली होती की हादग्याच्या ओळीला ती बिनदिक्कत 'उय्यालो' लावायची. मोठ्या बायका हसायच्या. कुणी तिला दुरुस्त केल्याचं आठवत नाही.

पण मला गड्ड्यातली जी गोष्ट सांगायचीय ती याहून साधी आहे. यात्रेच्या मैदानावर हरवलेल्या पोरांसाठी पुकारणी होते. लहानपणी वडिलांबरोबर मी त्या मांडवात रात्र रात्र बसलोय. पोलीस किंवा स्वयंसेवक रडणारं पोर आणून खुर्चीवर बसवायचे. माईकवरचा माणूस माईक बंद करून त्याच्याकडे वाकायचा. "नाव काय बाळा तुझं?" पोर रडतंय. "निन्न हेसरेनु?" रडतंय. "नी पेरेंदि?" एक क्षण हुंदका थांबतो. कधी चौथं लागायचं, "नाम क्या तेरा रे?" कुठल्या तरी एका प्रश्नाला चेहरा उघडायचा. कळलं. मग माईक सुरू, आणि पुकारणी आधी त्या भाषेत, मग उरलेल्यांत, कारण आई कुठलीही बोलत असली तरी तिच्या शेजारी उभ्या बाईला ऐकू जायला हवं. त्या माणसाला चारही भाषांत मिळून पंचवीस-तीस वाक्यं येत असतील. व्याकरण कच्चंच. पण पोर कुठल्या शब्दाला दचकून मान वर करतं, हे त्याच्याइतकं बारकाईनं ऐकणारा कान मी नंतर पाहिला नाही. तो ना कुठल्या टेबलामागे बसला, ना कुठल्या भाषादिनाला त्याच्या गळ्यात हार पडला.

या माणसाची आठवण मला खूप वर्षांनी आली ती लॉरेन्स अबू हमदान या कलाकाराच्या कामाबद्दल वाचताना. युरोपातल्या काही देशांत आश्रय मागायला आलेल्या लोकांचं बोलणं टेप करतात आणि उच्चारावरून ठरवतात, हा खरंच त्या प्रदेशातला आहे की खोटं बोलतोय. एखादा स्वर, एखादं व्यंजन वेगळं पडलं की अर्ज फेटाळला. अबू हमदाननं २०१२ मध्ये नेदरलँड्समधल्या सोमाली आश्रयार्थींबरोबर बसून तक्ते तयार केले. माणूस आयुष्यभर किती गावांतून, छावण्यांतून, शेजारांतून फिरला आणि प्रत्येक ठिकाणचा आवाज त्याच्या जिभेवर कसा चढत गेला, याचे नकाशे. नकाशा बघितल्यावर 'याची मूळ बोली कुठली' हा प्रश्नच वेडगळ वाटायला लागतो. मला ते वाचून वाटलं, हे तर आमच्या पूर्व भागातल्या कुणाही माणसाचं चित्र आहे. तिकडे कान लावतात ते परत पाठवायला. गड्ड्यात कान लावत होते ते घरी पोचवायला. यंत्र एकच, माईक आणि कान.

म्हणून माध्यमकला या शब्दाला मी नाकं मुरडत नाही. उलट आपल्याकडे तिच्या नावाखाली जे चालतं त्यावर राग आहे. ती अक्षरांच्या पावसाची भिंत घ्या. कॅमिल अटरबॅक आणि रोमी अखितुव या दोघांनी १९९९ मध्ये केलेल्या कामाची ती नक्कल, आणि नकलेत मुद्दा गळून पडलाय. मूळ कामात पडणारी अक्षरं एका कवितेतली होती. तुम्ही हात स्थिर धरलात तर शब्द जमायचा, ओळ जमायची, म्हणजे वाचायला अंग वापरावं लागायचं. आपल्याकडे सुटी अ, आ, इ पडतात. जमून जमून काय जमणार? त्याच्याही दहा वर्षं आधी जेफ्री शॉ यांनी एक जागेवरची सायकल पडद्यासमोर ठेवली होती. पायडल मारलं की अक्षरांच्या इमारतींमधून रस्ता पुढे सरकायचा. मॅनहॅटन झालं, नंतर ॲमस्टरडॅम. हँडल वळवलं की वाक्य बदलायचं. मी कधी कधी मनातल्या मनात ती सायकल विजापूर वेशीतून कन्ना चौकापर्यंत चालवतो. इथं पाट्या वाचत जायचं म्हटलं तर दोन्ही बाजूंना बहुतेक देवनागरीच. पण कान उघडे ठेवले तर दर पन्नास पावलांवर वाक्य बदलतं. डोळ्यांना हे शहर एका भाषेचं वाटतं, कानांना वाटत नाही.

कलाकार शिल्पा गुप्तांचं एक काम मी स्वतः बघितलंय. २०१८-१९ च्या कोचीच्या बिनाले या कलाप्रदर्शनात, साउंडच्या कामानिमित्त गेलो होतो तेव्हा. अंधाऱ्या खोलीत शंभर माईक छतापासून लोंबत होते आणि प्रत्येकाखाली लोखंडी सळईवर टोचलेला कवितेचा कागद. लिहिल्याबद्दल किंवा बोलल्याबद्दल तुरुंगात गेलेल्या शंभर कवींचा. माईक उलटे जोडलेले होते, म्हणजे ते बोलत होते. आमच्या धंद्यातल्या माणसाला हे बघून आधी हसू येतं, कारण माईक उलटा जोडणं ही शिकाऊ पोराची चूक. मग अंगावर काटा येतो. एक आवाज एका भाषेत ओळ म्हणतो, बाकीचे पाठोपाठ उचलतात. मला त्यातल्या बहुतेक भाषा कळत नव्हत्या आणि मी तासभर हललो नाही. खोलीत एकही टेबल नव्हतं.

सुझन हिलर यांचं २००७ मधलं एक काम आहे, त्यात पडदा काळा आणि नुसते आवाज: नामशेष झालेल्या किंवा होऊ घातलेल्या भाषा बोलणाऱ्यांची जुनी रेकॉर्डिंग्ज. पडद्यावर फक्त भाषांतराच्या ओळी. ऐकताना एक गोष्ट लागली. ते आवाज शिल्लक राहिले कारण कुणीतरी वेळेत टेप सुरू केली होती, आणि बहुतेक वेळा ती टेप बाहेरून आलेल्या अभ्यासकाची होती. आपल्याकडे अजून बोलणारे जिवंत आहेत, टेपचा खर्च शून्याजवळ आलाय, आणि आपण एलईडीचं भाडं भरतोय.

आता माझाच अनुभव सांगतो. एका संस्थेनं भाषामहोत्सवासाठी 'शहराचे आवाज' असं काही हवं म्हणून मला काम दिलं. मी सोलापूरजवळच्या कुंभारीतल्या विडी घरकुलात, म्हणजे विडी कामगारांच्या वसाहतीत, एका अक्कांकडे गेलो. साठीच्या आसपास. दारात बसून मांडीवर सूप, सुपात भिजवून कापलेली तेंदूची पानं आणि तंबाखू. बोलता बोलता बोटं चालूच; पान, चिमूट, गुंडाळी, दोरा, एक विडी. अकरा मिनिटं त्या बोलल्या. सुरुवात तेलुगूत, लग्न होऊन इथं आल्या त्याची. हजार विड्यांचा हिशेब आला की मराठी, कारण हिशेब लिहिणारा मुनीम मराठीत लिहायचा. मधे शेळी सुपाकडे आली तर तिला दखनीत शिव्या. शेजारीण कन्नड, ती पाणी आलंय सांगायला आली आणि दोघींचं अर्धा मिनिट जे चाललं त्यातले क्रियापद कुठले आणि नाम कुठलं हे मी अजून हेडफोन लावून शोधतोय. एका ठिकाणी त्या म्हणाल्या, पावसाळ्यात पान मऊ पडतं, मग विडी 'सुस्तावते'. माणसं सुस्तावतात, पण विडीसाठी हा शब्द मी कधी ऐकला नव्हता. सुस्त मूळ फारसीतला, वळण मराठीचं.

संस्थेतल्या मंडळींनी ऐकलं आणि म्हणाले, छान आहे, पण तेलुगूच्या टेबलासाठी शुद्ध तेलुगू हवं. मराठी वाक्यं काढा, शेळी काढा, शेजारीण काढा. अकरा मिनिटांची दोन मिनिटं झाली. मग हैदराबादहून आलेल्या एका पाहुण्यांनी ती दोन मिनिटं ऐकून सौम्यपणे सांगितलं, हे काही तेलुगू नव्हे. म्हणजे मराठी टेबलाला त्या तेलुगू, आणि तेलुगू टेबलाला कुणीच नाहीत. मी अक्कांना फोनवर छाटलेलं ऐकवलं. त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं, मला विचारलं, "मधलं कुठं गेलं?"

या सगळ्यावर एक आक्षेप येतो, आणि तो मी हलका मानत नाही. मराठीला आधीच चारी बाजूंनी रेटा बसतोय, आणि तुम्ही मराठी मुलखातल्या एका शहरात चार भाषांचं कौतुक लावलंय. नोव्हेंबर २०२२ मध्ये कर्नाटकच्या तेव्हाच्या मुख्यमंत्र्यांनी अक्कलकोट-सोलापूरच्या कन्नड भाषकांचा दाखला देत दावा सांगितला, तेव्हा इथं काय वातावरण तापलं होतं ते आम्ही बघितलंय. २०२५ मध्ये पहिलीपासून हिंदीचा निर्णय आला, लोक रस्त्यावर आले, आणि जूनअखेर सरकारला तो मागे घ्यावा लागला. या दोन्ही वेळी मी कुठे उभा होतो विचारलं तर मराठीच्या बाजूलाच. पण मराठीच्या बाजूचा म्हणजे शेजारच्या अक्कांचं तोंड छाटणारा, असं मी मानत नाही.

सोलापुरात मराठी वाढली ती कशी, हे बघा. पद्मशाली विणकर आणि लिंगायत व्यापारी व्यवहाराला बसले की मधे मराठी यायची. मुसलमानांनी मराठीतून लिहायचं ठरवून पहिलं मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरवलं ते १९९० मध्ये, सोलापुरात. सोलापूरचेच शाहीर राम जोशी संस्कृत पढलेले कीर्तनकार, पण लावणीत मराठीशी कानडी आणि हिंदुस्थानी बेधडक गुंफायचे. मारुती चितमपल्ली याच गावचे. आयुष्यभर विदर्भाच्या जंगलांत आदिवासींकडून पक्ष्यांची, झाडांची नावं गोळा करत गेले आणि कावळ्यांच्या वसाहतीसाठी काकागार यासारखे शब्द मराठीला देऊन गेले. २००६ चं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन सोलापुरात भरलं तेव्हा अध्यक्ष तेच होते. या माणसांच्या मराठीत दुसऱ्याचा शब्द आला की ती बाटली नाही. साधी गोष्ट, आपण जेवताना भातावर जे तूप घेतो ते तूप कन्नडच्या तुप्पाशी जोडतात. अक्का, अण्णा, अडकित्ता तिकडचेच. हे शब्द परत करायचे म्हटलं तर घरात हाक कशी मारणार आणि सुपारी कशानं फोडणार?

तीन ऑक्टोबर २०२४ ला मराठीला अभिजात दर्जा मिळाला, आनंद झाला. कन्नड आणि तेलुगूला तो २००८ मध्येच मिळाला होता. अभिजात दर्जाबरोबर पैसा येतो, तो जुन्या ग्रंथांवर आणि अध्यासनांवर जातो, जायलाच हवा. कुंभारीच्या अक्का त्यात कुठेही येत नाहीत, कारण त्यांची भाषा तिन्ही अभिजात भाषांच्या फटीत पडते. तिला दर्जा देणारं राज्य नाही. असलंच तर गाव आहे.

यंत्राचंही तेच. फोनवर बोलून लिहायची सोय आता मराठीत बरी झालीय, केंद्र सरकारनं २०२२ मध्ये भाषिणी नावाचा प्रकल्प त्यासाठीच सुरू केला. मी अक्कांचं रेकॉर्डिंग फोनला ऐकवलं. मराठी निवडलं की तेलुगू वाक्यांचा चेंदामेंदा, तेलुगू निवडलं की मराठीचा. दोन्हींत शेळी मात्र अल्पविराम म्हणून आली. हसू येतं, पण उद्या रेशन दुकानात, दवाखान्यात, बँकेत याच यंत्राशी बोलायचंय. यंत्र शिकतं ते आपण त्याला ऐकवतो त्यावर, आणि आपण त्याला टेबलांवरची भाषा ऐकवतो.

मग करायचं काय? माझी यादी फार लांब नाही आणि खर्चिक तर मुळीच नाही. भुईकोट किल्ल्याच्या बागेत, तलावाच्या काठाला, एस.टी. स्टँडवर, जुन्या मिलच्या आवारात छोटे स्पीकर लावा. हळू आवाजाचे, शेजारी बसलं तरच ऐकू येतील असे. (मोठ्या आवाजाचं काय होतं ते या शहरानं मिरवणुकांत भोगलंय, आणि त्या पापात आमच्या धंद्याचा वाटा आहे हेही कबूल करतो.) त्यात माणसांचं न छाटलेलं बोलणं असावं. मिलमधले निवृत्त कामगार, विडी वळणाऱ्या, मंगळवार पेठेतले हमाल, रथोत्सवात मार्कंडेयाचा रथ ओढणारी पोरं, रिक्षावाले. भाषांतराची पाटी सुरुवातीला नको. ज्याला कळलं नाही तो शेजाऱ्याला विचारेल, आणि शेजाऱ्याला विचारणं हाच तर या गावाचा भाषावर्ग आहे. नंतर हवं तर चारही लिप्यांत लिहून लावा. शाळांतल्या पोरांना टेप द्या. महापालिकेच्या शाळा मराठी, कन्नड, तेलुगू, उर्दू अशा माध्यमांच्या आहेतच, पण एका माध्यमाची पोरं दुसऱ्या माध्यमाच्या गल्लीत पाठवा. आणि गड्ड्याच्या पुकारणीच्या मांडवात एक रेकॉर्डर ठेवा, पोरांची नावं गाळून.

टेबलांना माझा विरोध नाही. पुस्तकं कुठं तरी ठेवावीच लागतात, आणि त्या निवृत्त गुरुजींना वर्षातून एकदा कुणी विचारतं तेही बरंच. फक्त टेबल म्हणजे सोलापूरचा आवाज असं कुणी समजू नये.

एक अट मात्र पक्की हवी. आवाज ज्याचा, त्याला पैसे. एलईडी भिंतीवाल्याला पावती मिळते, मंडपवाल्याला मिळते, मला मिळते. त्या महोत्सवात अक्कांना पाकीट द्यायचं मी आग्रहानं ठरवून घेतलं होतं, म्हणून संस्थेच्या हिशेबनीसाकडे गेलो. त्याच्या वहीत मंडप, विद्युत रोषणाई, ध्वनिक्षेपण, हार-तुरे, पाहुण्यांचा प्रवास असे रकाने होते. आवाजाचा नव्हता. त्यानं थोडा विचार करून पाचशे रुपये 'चहापान' खाली टाकले. मी व्हाउचर घेऊन कुंभारीला गेलो. अक्कांनी हात पुसले, पेन घेतलं आणि हळूहळू तेलुगूत सही केली. माहेरी तेलुगू शाळेत चौथीपर्यंत गेल्या होत्या. मी म्हणालो, ऑफिसात मराठी सही मागतील. त्यांनी माझ्याकडे बघितलं, त्याच कागदावर खाली देवनागरीत दुसरी केली, आणि विचारलं, "उर्दूत पण करू का? पोराला बोलावते."